नाणेघाट ते चंद्रभागा : कुकडी, घोड आणि भीमेच्या काठाने पाच दिवस

शाळेच्या भूगोलात नदीचा प्रवास ठरलेल्या क्रमाने येतो. डोंगरात ती युवा असते, म्हणून अरुंद दरी, घळई, धबधबे, रांजणखळगे. मग प्रौढ होते, नागमोडी वळणं घेते. शेवटी वृद्ध होऊन पूरमैदान आणि त्रिभुज प्रदेश तयार करते. कुकडीच्या काठाला लागलं की हा क्रम पहिल्याच दिवशी मोडतो. उगमापाशी तिची दरी रुंद, सपाट, थेट म्हातारी दिसते. आणि खरी घळई लागते ती पार निघोजला, जुन्नर तालुका मागे टाकल्यावर. असं का झालं असावं, ते काठावरच्या दगडागाळात वाचता यावं म्हणून हा मार्ग आखला : नाणेघाट, जुन्नर, बोरी, निघोज, मग घोडच्या काठाने भीमा आणि शेवटी पंढरपूर.

काळ एप्रिलचा शेवटचा आठवडा. ऊन कडक, दुपारी पारा चाळिशीपार, पण नदीचं पात्र उघडं पाहायचं तर दुसरा काळ नाही. पावसाळ्यात नाणेघाट देखणा असतो, पण ज्या खडकावर नदीचं काम दिसतं तो सगळा पाण्याखाली असतो. मार्च ते मेअखेर हाच हंगाम धरावा आणि निघण्याआधी एक गोष्ट नक्की विचारून घ्यावी : कुकडी प्रकल्पाचं उन्हाळी आवर्तन चालू आहे का? बंधारे भरायला नदीत पाणी सोडलेलं असेल तर निघोजचे खालचे खळगे बुडालेले असतात.

सामान थोडंच लागतं. तीस मीटरची कापडी टेप, गवंड्याचा ओळंबा आणि दहा मीटर दोरी, दहापट मोठं दाखवणारं भिंग, खडू, छोटं लोहचुंबक, व्हिनेगरची लहान बाटली, हातभर लोखंडी सळई, जाड तळाचे बूट. सळई आणि चुंबक लोक हमखास विसरतात. या प्रवासात सगळ्यात उपयोगी पडली ती हीच दोन.

पहिला दिवस : नाणेघाट आणि कुकडीचा उगम

जुन्नरहून नाणेघाट साधारण तीस किलोमीटर. सकाळी आठच्या आत घाटाच्या तोंडाशी असलेल्या 'नानाचा अंगठा' या कड्यावर पोचावं. नंतर खालून धुरकट हवा वर येते आणि कोकण दिसेनासं होतं. पश्चिमेला पायाखाली सहाशे मीटरांहून खोल कडा आणि तळाशी वैशाखरे गावाची बाजू. आता जागेवरच मागे वळून पूर्वेला पाहायचं. तिकडे उतार असा जाणवतच नाही. घाटघरची भातखाचरं, गवताळ माळ, मध्ये उथळ ओढा आणि दोन्ही बाजूंना दूर सरकलेले डोंगर. एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला जवळजवळ सपाटी, आणि दोन्हींच्या मध्ये काही पावलांची जागा.

एवढी रुंद दरी एवढ्याशा ओढ्याने कोरलेली असणं शक्य नाही. ही दरी पूर्वी आणखी पश्चिमेला पसरलेली असणार. कोकणाकडून कडा ढासळत, मागे मागे पूर्वेला सरकत आला आणि त्याने दरीचा वरचा भाग खाऊन टाकला. उरला तो छाटलेल्या डोक्याचा जुना, रुंद खोरेपट्टा. म्हणून कुकडी जन्मत:च म्हातारी दिसते. पश्चिमेकडे जाणाऱ्या ओढ्यांना समुद्रपातळी गाठायला जेमतेम शंभरेक किलोमीटर मिळतात, त्यामुळे त्यांचा उतार तीव्र आणि कोरण्याची ताकद मोठी. पूर्वेचं पाणी कुकडी, घोड, भीमा, कृष्णा असं हजाराहून जास्त किलोमीटर फिरून बंगालच्या उपसागराला मिळतं. म्हणजे जलविभाजकावर दोन्ही बाजूंचं बळ सारखं नाही, आणि कडा त्यामुळे पूर्वेकडे सरकत राहतो.

घाटघरला भाकरी-पिठलं खाताना घरातल्या आजोबांनी हीच गोष्ट एका वाक्यात सांगितली. "बांधावं पाऊस पडला का अर्धं पानी कोकनात जातं आन् अर्धं पंढरीला." भूगोलाची पाठ्यपुस्तकं जलविभाजकाची व्याख्या इतकी नेमकी देत नाहीत.

घाटातल्या लेण्यात सातवाहनांचा शिलालेख आहे, राणी नागनिकेचा. वर तोंडाशी जकातीचा म्हणून ओळखला जाणारा दगडी रांजण आहे. छिन्नीने कोरलेला हा रांजण नीट पाहून ठेवावा : तोंड अरुंद, पोट फुगीर, आतली भिंत खरबरीत. तिसऱ्या दिवशी पाण्याने कोरलेले रांजण पाहताना तुलना करता येते.

परतताना पूर गावात कुकडेश्वराचं देऊळ लागतं. शिलाहार राजा झंझ याने सह्याद्रीतल्या नद्यांच्या उगमांवर बारा शिवमंदिरं बांधली अशी परंपरा आहे आणि हे त्यांतलं एक मानतात. देवळाच्या कोरीवकामावर वेळ घालवाच, पण शेजारच्या कोरड्या ओढ्यातही उतरा. दगड मोजायला इथूनच सुरुवात करायची.

मोजण्याची पद्धत सोपी आहे आणि पाचही दिवस तीच ठेवावी. पात्रात सरळ रेषेत चालायचं, दर पावलाला खाली न पाहता बोट टेकवायचं, पहिला लागेल तो दगड उचलायचा. असे पन्नास दगड. प्रत्येकाची मधली बाजू मोजायची, म्हणजे सर्वांत लांब आणि सर्वांत आखूड सोडून तिसरी. शेजारी एक शब्द लिहायचा : कोनदार, बोथट किंवा गोल. चूक होते ती एकाच ठिकाणी. नजर छान गोल, रंगीत दगडांकडे जाते, हात तेच उचलतो आणि सरासरी बिघडते. डोळे मिटून उचलले तरच माप खरं.

पूर गावच्या ओढ्यात बहुतेक दगड कोनदार निघाले, तुटलेल्या कडा बोटाला टोचतील असे. वरच्या उतारावरून नुकतेच घरंगळलेले. पाण्याने त्यांना अजून फारसं हाताळलेलं नाही.

दुसरा दिवस : जुन्नर आणि बोरीची राख

शिवनेरीवर सकाळी लवकर चढून उत्तरेला पाहिलं की समोर लेण्याद्रीचा डोंगर आणि मध्ये कुकडीचं सपाट खोरं. डोंगरांच्या कडेला पायऱ्या पायऱ्या दिसतात. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचे हे एकावर एक थर. घट्ट बसाल्टचा थर उभा कडा धरतो, पोकळ्यांनी भरलेला किंवा मऊ थर झिजून उताराची पायरी होते. दोन थरांच्या मध्ये कुठे कुठे विटकरी लाल मातीची पट्टी दिसते. तिथे नख लावलं तरी माती निघते. नदी अशा थरांतून खाली उतरताना मऊ थरात आडवी पसरते आणि घट्ट थरावर अडते. हे एक सूत्र लक्षात असलं की पुढचं निघोज सोपं जातं.

जुन्नर समुद्रसपाटीपासून साधारण ६९० मीटरवर आणि पंढरपूर साधारण ४५० मीटरवर. नदीच्या वळणावळणाने हे अंतर धरलं तर किलोमीटरला मीटरभरही उतार पडत नाही. एवढ्या मंद उतारावर नदीने खडक कोरावा कसा? उत्तर पावसात आहे. घाटमाथ्यावर तीन-चार हजार मिलिमीटर पाऊस पडतो, शिरूर-पारनेरच्या बाजूला पाचशेच्या आसपास. नदी वर्षाचे आठ-नऊ महिने नुसती झिरपते आणि पावसाळ्यातल्या मोजक्या दिवसांत घाटाचं सगळं पाणी एकदम घेऊन येते. तिचं कोरीवकाम त्या मोजक्या दिवसांत होतं. पाण्याचा वेग दुप्पट झाला की ते हलवू शकेल अशा दगडाचं वजन चौसष्ट पट होतं, असा जुना ढोबळ नियम आहे. एप्रिलमधल्या घोटाभर पाण्याकडे पाहून नदीबद्दल मत बनवणं म्हणजे सुट्टीच्या दिवशी कारखाना पाहून येणं.

जेवायला जुन्नर-नारायणगावात मासवडी मिळाली तर सोडू नये. रस्सा झणझणीत असतो, पुढे उन्हात चालायचं असेल तर बेताने घ्यावा.

दुपारी बोरी बुद्रुक. कुकडीने इथे आपल्याच जुन्या गाळात उभा काठ कापला आहे आणि त्या काठात ज्वालामुखीच्या राखेचा फिकट थर आहे. राखेची रासायनिक ठेवण सुमात्रातल्या तोबा ज्वालामुखीशी जुळते. तोबाचा सर्वांत मोठा उद्रेक सुमारे ७४ हजार वर्षांपूर्वीचा, पण त्याआधीही त्याचे मोठे उद्रेक झाले होते, आणि बोरीची राख नेमकी कोणत्या उद्रेकाची यावर संशोधकांत मोठा वाद झाला. वादाचं महत्त्व मोठं आहे, कारण इथल्या गोट्यांच्या थरांत अश्मयुगीन हातकुऱ्हाडी मिळाल्या आहेत. राखेचं वय बदललं की हत्यारांचं वयही बदलतं.

नदी वाचायला या काठासारखी दुसरी पाटी नाही. तळाशी चुनखडीने घट्ट झालेला गोट्यांचा थर, वर रेव, त्यावर वाळू, सर्वांत वर बारीक पिवळसर गाळ. पाण्याचा वेग कमी होत जातो तसा आधी मोठा दगड खाली बसतो, मग लहान, शेवटी माती. गोटे एकमेकांवर कसे टेकलेत तेही पाहावं. चपटे गोटे छपरावरच्या कौलांसारखे एकमेकांवर रेललेले असतात आणि त्यांचे चपटे चेहरे वरच्या अंगाला, म्हणजे पाणी आलं त्या दिशेला, कललेले असतात. हजारो वर्षांपूर्वी नदी कुठल्या दिशेने वाहत होती ते एवढ्यावरून सांगता येतं.

राख ओळखताना नेहमी होणारी चूक अशी की काठातले चुनखडीचे पांढरे खडेच लोकांना राख वाटतात. खाली आपोआप पडलेला तांदळाच्या दाण्याएवढा कण घ्यावा, दगडावर चुरडून त्यावर व्हिनेगरचा थेंब टाकावा. चुनखडी फसफसते, राख गप्प राहते. राखेत चुन्याचा अंश मुरला असेल तर थोडे बुडबुडे येतात, तेव्हा भिंग लावावं. राखेचे कण काचेच्या फुटक्या बुडबुड्यांसारखे दिसतात, पातळ, वक्र आणि उन्हात चमकणारे. काठ मात्र खणू नये. थर आधीच कमी उरला आहे आणि एकदा खणला की त्याचा वरचा-खालचा संबंध कायमचा जातो.

संध्याकाळी निघोज. इथे बेत थोडा फसला. आवर्तन दोन दिवसांपूर्वीच बंद झालं होतं, पण बंधाऱ्यांवरून ओसंडणारं पाणी अजून उतरत होतं आणि खालचे खळगे तोंडापर्यंत भरलेले होते. मळगंगेच्या देवळाखाली खडकावर पाण्याच्या रेषेशी खडूची खूण करून ठेवली.

तिसरा दिवस : निघोजचे रांजणखळगे

सकाळी साडेसहाला खडूची खूण पाण्याच्या वर वीतभर होती. फसलेला बेत इथे फायद्यात पडला. आदल्या संध्याकाळी ज्या खळग्यांत फेसाची चकती गोल गोल फिरताना दिसली होती, त्यांचं आतलं पोट आता उघडं पडलं होतं. खळगा काम करताना आणि थांबल्यावर, दोन्ही अवस्था बारा तासांत पाहायला मिळाल्या.

एका काठावर पारनेर तालुक्यातलं निघोज, दुसऱ्या काठावर शिरूर तालुक्यातली टाकळी हाजी. मध्ये नदी दोन जिल्ह्यांची, अहिल्यानगर आणि पुण्याची, हद्द होऊन वाहते. काठ जोडायला झुलता पूल आहे. आधी पुलावर जाऊन वरून पाहावं. खाली काळ्याभोर खडकाचं रुंद पात्र आणि त्याच्या मधोमध कापलेली अरुंद घळई. दरीच्या पोटात दरी. घळईच्या भिंती सरळ नाहीत. अर्ध्या कापलेल्या माठांची रांग उभी केल्यासारख्या त्या खोबणी-खोबणीच्या आहेत.

एक लहान खळगा जवळून पाहू. टाकळी हाजीच्या बाजूला, पात्राच्या कोरड्या फरशीवर तो एकटाच आहे. तोंड घागरीएवढं. हात घातला तर खांद्यापर्यंत आत जातो आणि तरी खडकाचा तळ लागत नाही. बोटांना भिंत गुळगुळीत लागते, वापरून झिजलेल्या पाट्यासारखी, पण तळहात फिरवला की बारीक तिरक्या सरी जाणवतात, वरून खाली मळसूत्रासारख्या उतरणाऱ्या. तोंडाजवळ भिंत अरुंद, खाली पोट सुटलेलं. सळईने तळ चाचपला तर आधी वाळू, मग खडखडाट. वाळू ओंजळीने काढल्यावर गोटे निघाले : काळे, जड, अंड्यापासून नारळापर्यंतचे, एकही कोन न उरलेले. हीच या जात्याची तळी.

नाणेघाटातल्या रांजणाचं पोट कारागिराने ठरवून फुगवलं. इथलं फुगतं कारण दळण तळाशी चालतं. पुरात पाण्याचा भोवरा गोट्यांना तळाशीच फिरवतो, म्हणून तळ आणि पोटाचा खालचा भाग झिजतो आणि तोंड मागे राहतं.

खळग्याची सुरुवात लाव्ह्यातल्या वायूच्या पोकळीतून होते किंवा जिथे दोन भेगा एकमेकींना छेदतात तिथून. पोकळीतलं पांढरं खनिज निखळून पडतं आणि वाटीएवढा खड्डा तयार होतो. त्यात रेव अडकते. पण प्रत्येक वाटीचा रांजण होत नाही. पाणी इतकं जोरात हवं की गोटा फिरेल आणि इतकं जोरात नको की तो बाहेर फेकला जाईल. गोटे फार साठले तर तळ झाकला जातो आणि दळण थांबतं. जात्यात दाणे जास्त कोंबले तर पीठ पडत नाही, तसंच. निघोजच्या फरशीवर अर्धवट सोडलेल्या अशा शेकडो वाट्या दिसतात.

पुढची पायरी जोडखळग्यांची. शेजारचे दोन खळगे फुगत फुगत एकमेकांना भिडतात, मधली भिंत पापडासारखी पातळ होते, तिला खिडकी पडते, मग कमानीसारखा वरचा भाग उरतो आणि एखाद्या पुरात तोही जातो. दोनाचा आठाच्या आकाराचा एक होतो, चार-पाच मिळून नाली होते. घळई तयार झाली ती अशी. घळईच्या भिंतीवर, सध्याच्या पाण्याच्या कितीतरी वर, अर्धे खळगे चिकटलेले दिसतात. त्यांचा तळ ज्या उंचीवर आहे त्या उंचीवर एकेकाळी नदीचा तळ होता. निघोजला जाऊन फक्त खाली पाहणारे लोक हे वरचे अर्धे रांजण चुकवतात आणि खरी गोष्ट तिथे आहे.

कारण घळई इथेच का, याचं उत्तर त्यातून मिळतं. नदीला खालच्या अंगाला उतार वाढलेला मिळाला की ती त्या जागेपासून मागे, उगमाच्या दिशेने कोरत येते. या सरकत्या पायरीला ढाळभंग म्हणतात आणि नदीला असं नवं बळ मिळणं म्हणजे तिचं पुनरुज्जीवन. जुन्या रुंद दरीच्या तळात नवी अरुंद घळई उतरते. मऊ थरात ही पायरी लवकर विरते, घट्ट, भेगाळलेल्या बसाल्टमध्ये टिकते. निघोजला खडक घट्ट आहे, म्हणून ती टिकली. जुन्नरला म्हातारी दिसलेली नदी इथे तरुण होते, ती अशी.

माप घ्यायचं असेल तर : तोंडाचा व्यास दोनदा घ्यावा, एकदा प्रवाहाच्या दिशेने, एकदा आडवा. ओळंबा सोडून खोली तीन ठिकाणी घ्यावी. ओळंबा गोट्यावर टेकतो आणि खोली कमी भरते, म्हणून सळईने गाळ टोचून खरा तळ शोधावा आणि 'दिसणारी खोली' व 'खरी खोली' वेगळी लिहावी. शेवटी गोटे मोजून पुन्हा आत ठेवावेत. आठवण म्हणून एकेक गोटा घरी नेला तर जात्याची तळीच निघून जाते.

इथे धोका खरा आहे. ओल्या कडेवर शेवाळाचा पातळ थर असतो आणि तो दिसत नाही. भरलेला खळगा डबक्यासारखा दिसतो, पण काही खळगे माणूस उभा बुडेल इतके खोल आहेत, आणि पोट फुगीर असल्यामुळे आत पडलेल्याला भिंतीला धरून वर येता येत नाही. धुणं धुणाऱ्या बायका लहान मुलांना एका ठरावीक खडकापलीकडे जाऊच देत नव्हत्या. "त्याच्या म्होरं कढई हाय," असं त्यांतल्या एका मावशींनी सांगितलं. त्यांची कढई म्हणजे तिरप्या कडांचा रुंद खळगा, जिथे पाय घसरला की थांबत नाही. स्थानिक माणूस जिथे थांबतो तिथे थांबावं. चैत्रातल्या मळगंगेच्या यात्रेत इथे मोठी गर्दी असते, तेव्हा मापं-बिपं विसरून दर्शनापुरतंच यावं.

चौथा दिवस : घोडचा काठ, भीमा, पळसदेव

कुकडी घोडला मिळते आणि शिरूरच्या पुढे देखावा बदलतो. खडक मागे पडतो, गाळाचे उंच काठ सुरू होतात. त्या काठांना ओढ्या-ओहोळांनी चिरून चिरून बेहड केलं आहे. घोड आणि भीमेच्या काठी अशी उत्खात भूमी ठिकठिकाणी दिसते. पावसाचं पाणी शेताच्या कडेवरून पात्रात उडी घेतं, पडतं तिथे खड्डा होतो, खड्डा मागे शेतात सरकतो. निघोजच्या ढाळभंगाचीच ही मातीतली लहान आवृत्ती. खडकात जे काम व्हायला युगं लागतात ते इथे एका पावसाळ्यात काही हात पुढे जातं.

काठाला ऊस असलेल्या एका शेतकरी दादांनी फार मोलाची गोष्ट सांगितली. "पूर आसताना न्हाई ओ पडत काठ. पानी उतारलं का मंग दरड येती." बरोबर आहे. पुरात काठ पाणी पितो, जड होतो, पण समोरचं पाणीच त्याला टेकू देत असतं. पूर झपाट्याने उतरला की टेकू जातो, आतलं पाणी तसंच राहतं आणि ओली जड माती उभीच्या उभी खाली बसते. म्हणून पूर ओसरल्यानंतर काठाच्या टोकाशी उभं राहू नये. काठाला समांतर बोटभर रुंदीची भेग दिसली तर ती जागा पुढच्या खेपेला पात्रात असणार, असं समजून दोन मीटर मागे सरावं.

दौंडच्या पुढे भीमेचा वेग उजनी धरणाच्या फुगवट्यात हरवतो. धरणाच्या शेपटाशी नदी जिथे स्थिर पाण्यात शिरते तिथे ती आपलं ओझं खाली ठेवते, आधी वाळू, पुढे गाळ. समुद्राच्या तोंडाशी त्रिभुज प्रदेश होतो त्याच कारणाने. उन्हाळ्यात पाणी मागे हटलं की हा गाळपेरा उघडा पडतो, त्यावर पिकं उभी राहतात. भिगवणच्या बाजूचे रोहित पक्षी याच उथळ, चिखलट कडेला येतात, पण एप्रिलअखेर त्यांची संख्या बरीच उतरलेली असते. खानावळीत चिलापी मासळी तळून मिळते, गरम भाकरीबरोबर छान लागते.

पळसदेवचं पाण्यात गेलेलं पळसनाथाचं देऊळ पातळी खाली गेली की वर येतं. तिथपर्यंतच्या चिखलावर भेगांच्या बहुभुज फरशा पडलेल्या असतात. एक फरशी उलटून तिची कड पाहावी. बारीक फिकट आणि गडद पट्टे दिसतात, पाणी येता-जाता बसलेले. वरून कोरडा दिसणारा चिखल आत मांडीपर्यंत ओला असू शकतो, म्हणून गुरांच्या पायवाटेवरूनच चालावं.

पाचवा दिवस : नीरा नरसिंहपूर आणि पंढरपूर

नीरा-भीमेच्या संगमावर दोन्ही पाण्यांच्या मध्ये निमुळती होत गेलेली जमिनीची जीभ आहे. टोकावर उभं राहून दोन्ही प्रवाहांचा वेग मोजला. काठावर वीस मीटर अंतर टेपने आखायचं, वरच्या टोकाला संत्रं सोडायचं, खालच्या टोकाला पोचेपर्यंत सेकंद मोजायचे. तीनदा करून सरासरी घ्यायची. संत्रं चांगलं, कारण ते बरंचसं बुडून तरंगतं, वाऱ्याने ढकललं जात नाही. थर्माकोल किंवा रिकामी बाटली घेतली तर वाऱ्याचा वेग मोजला जातो. मिळालेल्या आकड्याला ०.८५ने गुणलं की प्रवाहाचा सरासरी वेग साधारण कळतो, कारण तळाशी पाणी घासून हळू चालतं. संगमात कमी वेगाचं पाणी जोरकस पाण्यापुढे तुंबतं आणि आपली वाळू तिथेच टाकतं. कोणत्या काठाला वाळूची जीभ वाढली आहे ते पाहिलं की मागच्या पुरात कोण जोरात होती ते कळतं.

पंढरपूरला पोचेस्तोवर दुपार कलली होती. भीमा इथे चंद्रकोरीसारखी वळते, म्हणून चंद्रभागा. वळणावर पाणी बाहेरच्या काठाकडे फेकलं जातं, तिथे ते जलद आणि खोल होतं, काठ खातं. आतल्या अंगाला वेग मंदावतो आणि वाळू बसते. पठारावरच्या नदीचं वळण आणि गंगेच्या मैदानातलं वळण यांत मात्र मोठा फरक आहे. मैदानात नदी वळण वाढवत नेते, वळणाची अरुंद मान कापून सरळ जाते आणि मागे नालाकृती सरोवर सोडते. भीमा आपल्याच उंच काठांत आणि खालच्या खडकात खोल बसली आहे, तिला इतकी मोकळीक नाही. म्हणून सगळ्या वाटेत एकही ठसठशीत नालाकृती सरोवर दिसलं नाही. गोपाळपूरजवळ विष्णुपदापाशी पात्रातला काळा खडक उघडा दिसतो. एवढ्या वाळूखालीही बसाल्ट फार दूर नाही, याचा तो पुरावा.

घाटांखालच्या वाळवंटात पन्नास दगड मोजायचा नियम पाळता येत नाही. दगडच नाहीत. मग मूठभर वाळू पांढऱ्या कागदावर पसरून भिंगाखाली घेतली. काळे-करडे बसाल्टचे कण, मधूनमधून दुधी आणि तांबूस गारगोटीचे. गारगोटी म्हणजे लाव्ह्याच्या पोकळ्यांत भरलेलं एक कठीण खनिज. भोवतालचा खडक झिजून गेला, ती टिकली. कागदाखालून चुंबक फिरवल्यावर काळ्या कणांपैकी काही मिशांसारखे उभे राहिले आणि चुंबकामागे धावू लागले. बसाल्टमधलं लोहयुक्त खनिज ते. पूर गावच्या ओढ्यात बोटाला टोचणारा दगड इथवर येताना एवढा झाला होता.

वाळवंटात चालताना पाण्याखालचा तळ सलग धरू नये. वाळू उपसलेले खड्डे पाण्याखाली दिसत नाहीत आणि त्यांच्या कडा पाय ठेवताच ढासळतात. पाण्यात उतरायचंच असेल तर नेहमीच्या घाटावर, कंबरेच्या आत. होडीवाल्या दादांना खोली विचारली तर त्यांनी "माऊली, तुम्हीच बघा" म्हणत बांबू हातात दिला. पुंडलिकाच्या देवळाच्या बाजूला तो दोन हात गेला आणि वाळूत रुतला. पैलतीराकडे जाताना दर काही वल्ह्यांनी टाकत गेलो, तर कुठे तीन हात, कुठे पाच आणि एका ठिकाणी पूर्ण बांबू खाली गेला तरी तळ लागला नाही. "हितनं धार जाते," दादा म्हणाले, "पुरात बी हितनंच."

परतीच्या एसटीआधी तासभर होता. तेवढ्यात वहीत आडवा छेद काढला : डावीकडे घाट, मग वाळवंटाचा लांब मंद उतार, मग बांबूची मापं आणि उजवीकडे पलीकडचा काठ. बांबू जिथे बुडाला त्या जागी अजून प्रश्नचिन्ह आहे. पुढच्या मे महिन्यात पाणी आणखी खाली असेल तेव्हा तिथे ओळंबा सोडायचा आहे.